वेगळं ताट

आईच्या थायरॉइडमधली कॅन्सरची गाठ काढल्यावर पुण्यात तिला किरणोत्सारी आयोडीनचं औषध दिलं. तिला ठेवलेल्या हॉस्पिटलच्या खोलीतल्या संडासाचं पाणीसुद्धा थेट गटारात जात नव्हतं. ते टाकीत साठवून, त्यातले किरण ओसरले की मगच सोडत. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं की काही दिवस ताट वेगळं, अंथरूण वेगळं, कपडे वेगळे, आणि जवळ कुणी बसायचं नाही. मी बारामतीच्या कॉलेजात विज्ञान शिकवतो. मला सगळं पटत होतं, आणि तरी त्या भल्या माणसाचा संताप येत होता.

आमच्या घरात कुणाचं भांडं वेगळं नसतं. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा घालून दिलेला हा नियम. पाहुणा असो, आजारी असो, पेला तोच. आईनं लहानपणी माहेरी, वरकुट्यात, वरून ओतलेलं पाणी प्यायलंय. त्यावर ती कधी बोलत नाही.

बारामतीजवळ सांगवीच्या आमच्या घरी तिला मागची खोली दिली. मी उंबऱ्याशी ताट ठेवून मागं सरायचो, ती मुकाट्यानं ओढून घ्यायची. भांडली असती तर परवडलं असतं.

मग वरकुट्याहून मावशी आली. ते ताट बघून तिचं डोकंच फिरलं. मी औषधाचं समजावत राहिलो, पण किरण कुणाला दिसतात? वेगळं ताट मात्र दिसतं. ती सरळ आत जाऊन आईला खेटून बसली आणि तिच्या ताटातली उष्टी भाकरी मोडून घेतली.

"माझ्या बहिणीला तू वाळीत टाकलंस व्हय?"

मी तिच्या हातातला घास काढून घेतला. दुसरं काय करणार होतो?

तेव्हा आई बोलली.

"त्याचं बरोबर हाय. लांब सर. मला शिवू नगंस."

या घरात हा शब्द मी कधीच ऐकला नव्हता. मावशीला तो चांगलाच ओळखीचा असावा. ती उठली, पदर कुठं लागू नये म्हणून अंगाशी आवळून धरला, आणि भिंतीच्या कडेकडेनं अंगणात जाऊन उभी राहिली.

मला आईच्या गळ्यात पडून रडायचं होतं. तेवढीही मुभा नव्हती.