नेटची पंगत

घरोघरी इंटरनेट जोडणाऱ्या माणसाला कोण दारातच उभं ठेवत नाही, थेट आत नेतात. राऊटर बेडरूममध्ये असो नाहीतर देवघरात, आम्ही चपला काढून तिथं पोचतोच. त्यामुळं कोल्हापुरात कुठल्या घरात कोण कुणाशी बोलत नाही, हे त्यांच्या पावण्यांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. चौदा वर्षं हेच चाललंय. चहाला बसलो की मित्र म्हणतात, "सुतार, सांग की एखादा किस्सा!" मी सांगतो, ते हसतात. मला आता पहिल्यासारखं हसू येत नाही, एवढंच.

*

आमच्या ऑफिसात कायदा एकच. आमचे मालक अण्णा, त्यांनी तो भिंतीवर चिकटवलाय: स्पीड टेस्ट हिरवी आली की तक्रार बंद!

माझ्या जोडीचा दिलीप ह्यात उस्ताद. घरात शिरला की पहिलं वाक्य, "सगळ्यांनी मोबाईल, टीव्ही बंद करा बघू!" मग रिकाम्या लायनीवर टेस्ट मारायची, काटा शंभरावर गेला की फोटो काढायचा आणि चपला घालायच्या.

एकदा एका शाळामास्तरीण बाईंनी त्याला उंबऱ्यातच अडवलं. "सगळं बंद केल्यावर पळतंय हे मलाबी कळतंय की. घरात सगळी असताना पळाय नको?"

दिलीप म्हणाला, "बाई, ती तक्रार घरच्यांची झाली. आमच्याकडं फक्त नेटची घेत्यात."

हा किस्सा दिलीप स्वतःच सांगतो आणि वर टाळी मागतो!

*

कागलला दोघे भाऊ. घराची वाटणी झालेली, मधे भिंत, नेटचं कनेक्शन मात्र एकच. थोरला म्हणाला, "पावणं, निम्मं-निम्मं करून द्या. ह्येचं त्येच्याकडं जाता कामा न्हाय."

मी म्हटलं, "राऊटरमध्ये त्याहून झकास सोय आहे. दोघं एकदम वापराय लागलात तर निम्मं-निम्मं. एकजण गावाला गेला तर दुसऱ्याला सगळं. कुणाचंच नुकसान नाही."

थोरल्यानं डोळे बारीक केले. "म्हंजे मी नसताना माझ्या वाटणीचं त्यो वापरणार?"

"तुमचं तसंही वायाच जाणार की हो."

"जाऊ दे की वाया! वाया गेल्यालं चालतंय, त्येला न्हाय!"

भिंतीपलीकडनं धाकट्याचा आवाज आला, "माझंबी तसंच करा वो!"

वाटणीनंतर दोघांचं एकमत झालेलं ते पहिलंच म्हणे. दिलं करून, दोघांचंही वाया जाईल असं.

*

कबनूरला एक मागवाले. खाली यंत्रमाग, वर घर. कामगारांवर नजर ठेवायला सोळा कॅमेरे, आणि सोळाही दिवसभर नेटवर चित्र चढवत बसलेले. त्यात लेकीची ऑनलाइन परीक्षा. पेपर उघडायचा, पण तिनं लिहिलेलं उत्तर काही पलीकडं जायचं नाही. वर जायची वाट सगळी कॅमेऱ्यांनी अडवलेली.

मी म्हटलं, "शेठ, परीक्षेपुरते दोन तास कॅमेऱ्यांना लगाम घालतो."

"आन कामगार मोकळं सोडू?"

"लेकीची परीक्षा आहे हो."

"परीक्षा काय, फुडल्या वर्षी परत देता येतीया!"

लेक जिन्यातच उभी होती. सगळं ऐकून ती वर गेली.

*

आता हा शेवटचा. हा मी चहावर सांगत नाही.

उचगावला एक मोठं घर. सासरे आबा, धाकटा मुलगा रोहित आणि थोरली सून सुप्रिया. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातनं चार दिवस घरी. सुप्रियाला पुण्याच्या एका कंपनीत घरात बसून गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचं काम लागलेलं. तीन महिने चाचणी, मग कायम.

ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, कॉल तुटला की तिकडं नोंद होतीया. दोनदा समज मिळालीय. आता परत तुटला तर काम गेलंच. आन पुण्याला मला कोण पाठवणाराय?"

रोग सोपा होता. रोहित दिवसभर गेम डाऊनलोडला लावायचा, आबांच्या टीव्हीवर कुस्त्या. ह्या दोघांचा ढीग पुढं आणि हिचा आवाज त्याच्यामागं रांगेत.

आबांनी विचारलं, "शंभरचा प्लॅन हाय. मग हिचंच का तुटतंय?"

मी त्यांना कळेल असं सांगितलं. "आबा, पंगत समजा. वाढपी एकच. रोहित दहा ताटं मांडून बसलाय, तुम्ही पाच. सूनबाईंना चिमूटभर मीठ पाहिजे. पण पंधरा ताटं भरेपर्यंत त्यांच्याकडं कोण फिरकत नाही."

आबा म्हणाले, "मग बरोबरच हाय की! आमच्यात बायका मागनंच जेवत्यात!"

रोहित खदाखदा हसला. मीपण हसलो. कशाला हसलो, अजून कळत नाही.

पण मी गुपचूप सेटिंग केलं. प्रत्येकाला पाळीपाळीनं वाढायचं, कुणीच रांग तुंबवायची नाही. त्यापायी एकूण वेग थोडा आवरून धरावा लागतो. अकरा दिवस तिचा एकही कॉल तुटला नाही. तिनं मेसेज केला होता, "दादा, लै उपकार झाले."

बाराव्या दिवशी रोहितनं स्पीड टेस्ट मारली. शंभरच्या जागी नव्वद! आबांचा फोन थेट अण्णांना, "शंभर म्हणून नव्वद देतासा व्हय?"

अण्णा मला म्हणाले, "कनेक्शन कुणाच्या नावावर?"

"आबांच्या."

"मग आबा म्हणत्यात तसं कर."

गेलो. त्यांच्याच सोप्यात बसून माझ्याच हातानं सेटिंग काढलं. रोहितचं डाऊनलोड सुसाट सुटलं. आतल्या खोलीतनं आवाज आला, "हॅलो? सर, ऐकू येतंय का? हॅलो? हॅलो?"

मग रोहितला डाऊनलोड थांबवायला लावलं आणि टेस्ट मारली. हिरवी आली. मला लाज वाटली, पण फोटो मी काढला.

पुढं खंडेनवमीला आबांचा फोन आला. "पावणं, या की! राऊटरचीबी पूजा मांडलीय. नारळ तुमच्याच हातनं वाढवायचा. नेट काय पळतंय म्हणून सांगू! एकदम काटा किर्र! काय केलासा?"

मी फक्त माझंच सेटिंग काढलं होतं. तरी गेलो.

पाटावर कोयता, खुरपी, ट्रॅक्टरची किल्ली, दुधाचं माप. मधोमध राऊटर, झेंडूचा हार घातलेला. आणि कडेला सुप्रियाचा कामाचा लॅपटॉप, मिटलेला.

सुप्रिया कुंकवाचा करंडा घेऊन बसली होती. मी नारळ वाढवला. तिनं वर बघितलं नाही. राऊटरला बोट लावलं, कोयत्याला लावलं, किल्लीला लावलं. लॅपटॉपपाशी तिचा हात थांबला.

आबा मागनं म्हणाले, "त्येलाबी लाव की गं! सगळ्यांना सारखं लावायचं. आमच्या घरात दुजाभाव न्हाय!"