हरिहरशास्त्र्यांची डबी

१९५७ च्या दिवाळीनंतर हरिहरशास्त्र्यांनी मोटार घेतली, तेव्हा अमरावतीच्या बुधवाऱ्यात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. मोटार वकिलांकडे असायची, डॉक्टरांकडे असायची, कापसाच्या अडत्यांकडे तर असायचीच. पण लग्नं-मुंजी लावणाऱ्या भिक्षुकाने मोटार घ्यावी, हे कोणी पाहिलं नव्हतं.

शास्त्रीबुवा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. वडिलांकडून आलेले त्यांचे यजमान अमरावतीपासून अकोल्यापर्यंत आणि त्याच्याही पलीकडच्या गावांत पसरलेले. बडनेऱ्याहून पॅसेंजर धरायची, मधल्या कुठल्यातरी स्टेशनावर उतरायचं, तिथून बैलगाडी. एका उन्हाळ्यात पॅसेंजर दोन तास उशिरा आली आणि शास्त्रीबुवा धोतराचा सोगा हातात धरून रणरणत्या उन्हात तीन मैल धावत मांडवात पोचले. मुहूर्ताला चार मिनिटं बाकी होती. अंतरपाट धरला तेव्हा त्यांना धापेमुळे मंगलाष्टकं म्हणता येईनात. मुहूर्तावर त्यांची मनापासून श्रद्धा होती. लोकांना सांगायचं म्हणून ते सांगत नसत. ती घटका चुकली तर आपण दोन जिवांचं नुकसान केलं, असं त्यांना खरंच वाटे.

गाडी अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीतल्या इंजिनिअरची होती. इंग्रजी बनावटीची, दोन दारांची, बारा वर्षं वापरलेली. पुढे दोघं नीट बसत, मागे दोघं गुडघे पोटाशी घेऊन. मोठी मोटार शास्त्रीबुवांच्या आवाक्यातलीच नव्हती. ही होती, आणि पेट्रोलही बेताचं खायची. बडनेरा स्टेशनाजवळ देवमन मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याला ती दाखवली तेव्हा त्याने बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं.

"गाडी काय म्हनता महाराज, डबी हाय हे," तो म्हणाला. "पन इंजिन सादं हाय. बिघडली तं कुठंबी दुरुस्त होते. घ्या तुमी."

तेव्हापासून तिचं नाव डबीच पडलं. चालवायलाही देवमननेच शिकवलं. क्लच सोडताना शास्त्रीबुवांचं धोतर पायात यायचं; शेवटी त्यांनी काचा मारून बसायची सवय केली. लायसन्स देणाऱ्या साहेबाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, शहराबाहेर दोन मैल नेऊन आणलं आणि सही केली.

घरी अडचण निराळीच निघाली. गाडीच्या बैठका चामड्याच्या. चामड्यावर बसून लग्न लावायला जाणार कसं? शास्त्रीबुवा दोन दिवस पोथ्या चाळत बसले. त्यांच्या पत्नी गोदावरीबाईंनी तिसऱ्या दिवशी दोन जुन्या धाबळ्या काढल्या, बैठकांच्या मापाने कापल्या आणि दोरे ओवून घट्ट शिवून टाकल्या.

"लोकर सोवळ्याला चालते ना? मग झालं," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात टोचेल, ते सोसा."

थंडीत गाडी बटणाने सुरू होत नसे. पुढून हँडल मारावं लागे. शास्त्रीबुवा आत बसायचे आणि गोदावरीबाई पदर खोचून हँडल फिरवायच्या. पहिले काही दिवस शेजारच्या बायका गॅलरीत येऊन हसल्या, मग त्यांनाही सवय झाली.

पहिल्या चार वर्षांत डबीने त्यांना एकदाही रस्त्यात टाकून दिलं नाही. चढावर ती तापायची, म्हणून मागे पाण्याची पितळी कळशी कायम असे. पंक्चरं व्हायची. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर ती रुतायची. पण वजनाला एवढी हलकी, की शेतातली चार माणसं हाक मारून बोलावली की ती तिला उचलूनच पक्क्या रस्त्यावर ठेवायची. शास्त्रीबुवा जिथे जातील तिथे हे सगळं रंगवून सांगत. "चार वर्षांत एक मुहूर्त चुकला नाही," हे वाक्य ठरलेलं.

आणि त्या भरवशावर ते एका दिवशी दोन लग्नं घ्यायला लागले. सकाळचं अमरावतीत, गोरज मुहूर्ताचं अकोल्याकडे. लोक आग्रह करत आणि त्यांना नाही म्हणता येत नसे. खरं म्हणजे, नाही म्हणावंसं त्यांना वाटतही नसे.

१९६२ च्या वैशाखात देवमनने पंख्याचा पट्टा त्यांना दाखवला. त्याला आडव्या चिरा पडल्या होत्या.

"महाराज, हा बदलाव लागते. माल अकोल्याहून आनाव लागन. दोन दिवस गाडी माह्यापाशी ठेवा."

"आता लग्नसराईत दोन दिवस कुठून आणू? पौर्णिमेनंतर ठेवतो."

"पौर्निमेपर्यंत टिकला तं बरं."

"टिकेल रे. आपली डबी आहे ती."

देवमनने हात पुसले आणि तो दुसऱ्या गाडीकडे वळला.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळचं लग्न अमरावतीत लागलं. शास्त्रीबुवा घाईने दोन घास खाऊन एक वाजता निघाले. गोरज मुहूर्त सहा वाजून बेचाळीस मिनिटांचा, अकोल्याच्या पुढे बाळापूरच्या वाटेवरच्या गावात. खुशालराव पाटलांच्या थोरल्या मुलीचं, सुभद्रेचं लग्न. खुशालरावांच्या बापाचं लग्न शास्त्रीबुवांच्या आजोबांनी लावलेलं, इतकं जुनं घर.

मूर्तिजापूर सोडून पाच-सहा मैल गेल्यावर पुढून फट्ट असा आवाज आला आणि थोड्याच वेळात बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. त्यांनी गाडी कडेच्या लिंबाखाली घेतली. पट्टा तुटून खाली लोंबत होता. पंखा बंद, पाण्याचा पंप बंद. तीन वाजले होते. रस्त्यावर ना मोटार ना माणूस.

पंधरा मिनिटं ते नुसते उभे राहिले. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं घेतलं, पिळून त्याची दोरी केली, कप्प्यांवरून फिरवून गाठ मारली आणि कळशीतलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. गाडी एक मैल चालली. गाठ कप्पीत अडकली आणि उपरणं फाटलं.

दुसऱ्यांदा थांबले तिथे एक म्हातारा शेतकरी बैलगाडी जुंपत होता. पुंजाराम त्याचं नाव. तो जवळ आला, वाकून आत पाहिलं.

"काय करून राहिले महाराज?"

शास्त्रीबुवांनी फाटकं उपरणं दाखवलं आणि कुठे, किती वाजता पोचायचं आहे ते सांगितलं.

"गाठ नाई चालत तिथं," पुंजाराम म्हणाला. "पीळ पाह्यजे." त्याने गाडीतली सुताची जाड दोरी काढली, तिची दोन्ही टोकं उकलली आणि पेड एकमेकांत गुंतवून गाठीशिवाय अखंड वेढा तयार केला. घाई नाही, बोलणं नाही. शास्त्रीबुवा त्याच्या बोटांकडे पाहत राहिले. मग म्हाताऱ्याने उरलेली दोरीही त्यांच्या हातात दिली. "हे तुटन. मंग असंच करा. पाह्यलं ना?"

"पाहिलं."

ती दोरी बोरगाव मंजूपर्यंत टिकली. तिथे त्यांनी स्वतः पेड गुंतवले. अर्धा तास गेला आणि बोटांना फोड आले. अकोला ओलांडताना सूर्य टेकला होता. पुढे आणखी एकदा दोरी तुटली. त्या वेळी घड्याळात सहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. शास्त्रीबुवा रस्त्यावर बसले आणि त्यांनी नवा वेढा करायला घेतला. आता पोचून उपयोग नाही हे कळत होतं, तरी हात थांबले नाहीत.

ते गावात शिरले तेव्हा साडेसात होऊन गेले होते. मांडवात गॅसबत्त्या लागल्या होत्या आणि वाजंत्री वाजत होती. नवरानवरी हार घालून पाटावर बसलेली दिसली. शास्त्रीबुवा फाटकाशीच थांबले. धोतरावर ग्रीसचे डाग, हात काळे.

खुशालराव सामोरे आले. शास्त्रीबुवा शिव्या ऐकायच्या तयारीने उभे होते.

"या महाराज. लगन लागलं," खुशालराव म्हणाले. "तुमाले काई झालं तं नाई ना? आमाले तेच भेव होतं."

"कोणी लावलं?"

"देवीदास गुर्जीनं. शाळेतले मास्तर आमचे. तानुबाई म्हने घटका जाऊन राहिली, मंगलाष्टकं कोनीबी म्हना. त्याच्यापाशी छापेल पुस्तक होतं."

तानुबाई म्हणजे खुशालरावांची विधवा आत्या. तीही पुढे आली. "बरोबर बेचाळीस मिन्टाले अक्षदा पडल्या, महाराज," तिने सांगितलं. "तुमी काई मनाले लावून घेऊ नका. हातपाय धुवा, जेवून घ्या."

कोणी रागावलं असतं तर शास्त्रीबुवांना सोपं गेलं असतं. त्यांच्या चुकीने कोणाचंच काही अडलं नव्हतं. ज्या घटकेसाठी ते चार तास रस्त्यावर धडपडले, ती घटका त्यांच्यावाचून साधली गेली होती. ते विहिरीवर गेले आणि दोन घागरी अंगावर ओतून तिथेच काही वेळ बसून राहिले.

तिथे खुशालराव आले. "महाराज, होम अन् सप्तपदी राह्यली हाय. ते गुर्जीले येत नाई. तुमी करता ना?"

शास्त्रीबुवा उठले. त्यांनी होम केला, सप्तपदी केली, एकेका पावलाचा अर्थ वधूवरांना नेहमीसारखा सांगितला. फोडांमुळे पळी नीट धरता येत नव्हती. पंक्तीत ते देवीदास गुरुजींच्या शेजारी बसले आणि त्यांना म्हणाले, "पुस्तकात काही जागी छपाईच्या चुका असतात. तुम्ही अमरावतीला आलात तर मी दुरुस्त करून देईन." गुरुजी पुढच्या महिन्यात खरंच आले.

दुसऱ्या दिवशी संथपणे, दोनदा दोरी बदलत, ते बडनेऱ्याला पोचले. देवमनने कप्प्यांवरचा सुताचा वेढा पाहिला.

"हे कोनं केलं?"

"पहिला एका शेतकऱ्याने. हा मी."

"चांगला केला," देवमन म्हणाला. आपण बजावलं होतं, हे त्याने काढलं नाही. शास्त्रीबुवांनीच काढलं.

"तू सांगितलं होतंस. गाडीनेही सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

घरी गोदावरीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या बोटांना तूप लावताना त्या म्हणाल्या, "यजमानांना एवढं सांगायचं, गाडी चुकत नाही, गाडी चुकत नाही. ती कशाला चुकेल? दोन माणसांचं काम तुम्ही घेता."

त्या सालापासून शास्त्रीबुवांनी एका दिवशी एकच लग्न घेतलं. बरेच यजमान दुसऱ्यांकडे गेले. त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण नियम मोडला नाही. लग्नसराईच्या आधी चार दिवस डबी देवमनकडे राहू लागली. मागच्या बैठकीखाली दोन नवे पट्टे असत. १९६४ मध्ये खुशालरावांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा शास्त्रीबुवा आदल्या दिवशीच मुक्कामाला गेले.

पुढच्या काही वर्षांत लहान गाडी घ्यावी की नाही हे विचारायला लोक त्यांच्याकडे येऊ लागले. कोणी शिक्षक, कोणी नवा वकील. शास्त्रीबुवा आता जुनं वाक्य म्हणत नसत. गाडी कुठे तापते, काय झिजतं, कुठला आवाज आला की थांबायचं, हे सगळं सांगत. ऐकून काहींचा बेत रद्द होई. काहींनी घेतली आणि पुढे ते देवमनचेच गिऱ्हाईक झाले.

१९६८ पर्यंत तिचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि शास्त्रीबुवांच्या डोळ्यांना संध्याकाळचं नीट दिसेना. दर्यापूरच्या एका गुरांच्या डॉक्टरांनी गाडी मागितली. शास्त्रीबुवांनी त्यांना बसवून तिचे सगळे दोष एकामागून एक सांगितले. डॉक्टर हसायला लागले.

"शास्त्रीबुवा, विकायची आहे ना तुम्हाला?"

"विकायचीच आहे. पण तुम्हाला खेड्यात अडलेल्या गाई सोडवायला जायचं असतं. तुम्ही वेळेवर पोचायला पाहिजे."

डॉक्टरांनी गाडी नेली. दुसऱ्या दिवशी चांदूर बाजारला वास्तुशांत होती. शास्त्रीबुवा साडेसहाच्या एस.टी.ने गेले. वेळेच्या तासभर आधी पोचले आणि यजमानांच्या ओट्यावर चहा घेत, सामान मांडून होईपर्यंत गप्पा मारत बसले.