नानांच्या वहीतला गरुड

नाना कुणाचंही नाव विचारण्याआधी गाव विचारायचे. लग्नाच्या पंगतीत शेजारी परका माणूस बसला, तरी पहिला घास घ्यायच्या आत, "गाव कोनतं?" धरणगावात आमच्या शेजारी राहणारे हे नाना वनखात्यातून निवृत्त झालेले, उमेदीची काही वर्षं अंदमानात काढून आलेले. पक्ष्यांचीही चौकशी ते गावापासूनच करत.

त्यांचा जीव अंदमानच्या सर्पगरुडात अडकला होता. आपल्या यावलच्या जंगलात दिसतो त्याचाच भाऊबंद, पण अंगानं लहान, रंगानं काळपट आणि फक्त त्या बेटांवरचा. कुणी शास्त्रज्ञ त्याला उपजात म्हणतात, कुणी वेगळी जात. नानांना त्या भांडणात रस नव्हता. "त्याले दुसरं गाव नही शे. जंगल गयं की तोबी गया," असं ते पुन्हा पुन्हा सांगायचे.

तिथल्या एका चिमुकल्या बेटावर त्याची शीळ ऐकून त्यांनी वहीत नोंद केली होती. त्या बेटावरची ती पहिलीच, याचा केवढा अभिमान! चहाला आलेल्या कुणाचीही ते पान पाहिल्याशिवाय सुटका नसे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे मला तर ते पाठच झालं होतं.

मागच्या वर्षी मी त्या बेटावर गेले. तीच शीळ! दुर्बीण लावली, तर फांदीवर भृंगराज. इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करणारा काळा बहाद्दर. चार दिवस थांबले. शीळ दर वेळी त्याचीच निघाली. गरुड तिथल्या वनरक्षकांनीही कधी पाहिला नव्हता.

नानांना सांगावं की नाही? ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा हा एकच ठेवा. पण खोट्या नोंदीमुळे पक्षी तिथं आहे असं समजून लोक निर्धास्त राहतात, हे मला शिकवलं त्यांनीच. शेवटी तिथूनच फोन केला.

भृंगराजाचं सगळं सांगितलं. मग, "सुमन, तू सोता देखं का?"

"हो, नाना."

"मंग मी चुकनू."

फोन बंद. म्हाताऱ्याचं मन मोडलं, ही टोचणी मला लागून राहिली. परतल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी वही काढली नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

दिवाळीनंतर नाना गेले. त्यांच्या मुलानं वही माझ्या हातात ठेवली. त्या नोंदीवर एक सरळ रेघ होती. खाली नानांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'शीळ ऐकली, पक्षी पाहिला नव्हता. भृंगराजानं फसवलं. दुरुस्ती करणारी: गाव धरणगाव, नाव सुमन.'