अन्नाला नावं ठेवणारी

पोटासाठी माणसं काय काय करतात. ती अन्नाला नावं ठेवायची, आणि त्याचाच तिला पगार मिळायचा.

शहराच्या कडेला सँडविच बनवण्याचा एक कारखाना होता. तिथून पहाटे गाड्या भरून निघायच्या आणि कचेऱ्या, दवाखाने, बस स्टँड यांच्या आसपासच्या दुकानांत तिकोनी डबे पोचवायच्या. दुपार झाली की ती साध्या गिऱ्हाइकासारखी त्यातल्या एखाद्या दुकानात जायची, आपल्याच कारखान्याचं सँडविच विकत घ्यायची आणि जवळच्या बाकावर बसून ते तपासायची. गिऱ्हाइकाच्या हातात शेवटी काय पडतं ते साहेबांना कळायला हवं, एवढ्यासाठी ही नोकरी. तपासून झालं की साहेबांना फोन. ती ‘ठीक’ म्हणाली तर त्याच घाण्यातला उरलेला माल संध्याकाळच्या गाडीने पुढे जायचा. ‘नाही’ म्हणाली तर सगळा फेकायचा.

सँडविच समोरून बघायचं नसतं. समोरून सगळेच नटून बसतात. कापलेली बाजू गिऱ्हाइकाकडे ठेवलेली असते आणि सारण तिकडे पुढे ओढलेलं असतं. ती डबा उलटा करायची आणि मागचा कोपरा बघायची. तिथे दोन पाव नुसतेच एकमेकांना चिकटलेले दिसले की म्हणायची, “वरून कीर्तन, आतून तमाशा.” मग अंगठ्याने पाव दाबून खळगा भरून येतोय का बघायची. लोणी कडेपर्यंत लावलंय का बघायची, कारण लोणी कमी पडलं की टोमॅटोचं पाणी पावात उतरतं आणि पावाचा लगदा होतो.

पण हे कुणीही चार दिवसांत शिकेल. तिची खरी पुंजी म्हणजे नाक. डब्याचा कागद सोलला की आतून जी पहिली हवा बाहेर पडते, ती ती डोळे मिटून घ्यायची. अंडं आजचं की कालचं, ते तेवढ्यात कळायचं.

कारखान्यातल्या बायका तिला नाकवाली म्हणायच्या. ती पगाराच्या दिवशी तिकडे गेली की एकजण ओरडायची, “नाकवाल्या बाई आल्या गं, श्वास रोखा!”

“रोखून काय उपयोग? सकाळी कच्चा कांदा खाल्लायस, ते तुझा एप्रनसुद्धा सांगतोय.”

“बाई गं! नवऱ्याला नाही कळलं ते.”

“त्याला कळून न कळल्यासारखं करावं लागतं. त्याला घरी जायचंय.”

घरी ती आणि तिची सासू. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दोघी एका खोलीत आणि तिला जोडलेल्या लांबट स्वयंपाकघरात राहायच्या. दोघींचं जमायचं, फक्त एका गोष्टीवरून लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ठिणगी पडली होती. भाजी खारट झाली होती आणि ही नवी नवरी ताटावर बसून सरळ म्हणाली, “भाजी खारट आहे.” सासूने वाढता हात थांबवला. “अन्नाला नावं ठेवू नयेत, सूनबाई. ज्याने दिलं त्याला ऐकू जातं.” आणि तीच भाजी सासूने चेहऱ्यावरची रेघही न हलवता दोनदा वाढून घेतली. नवरा हसून म्हणाला होता, “आईला दगड शिजवून दे, छान आहेत म्हणेल, एवढंच की जरा चावायला लागतात.”

पुढे सुनेला ही नोकरी लागली तेव्हा सासू देवासमोर बराच वेळ बसून राहिली. मग उठून एवढंच म्हणाली, “पोटासाठी आहे म्हणून माफ करेल तो.”

त्या वर्षी थंडीत सुनेला ताप आला. अंगात दुखणं मुरलं, आठवडाभर अंथरूण सुटलं नाही. उठली, कामावर गेली, बाकावर बसून डब्याचा कागद सोलला, डोळे मिटले. काहीच आलं नाही. पावाचा नाही, लोण्याचा नाही, कशाचाच वास नाही. सर्दी उतरली की येईल, असं तिने मनाशी म्हटलं. सर्दी उतरली. एक दिवस ती स्वयंपाकघरात उभी असताना समोर दूध करपलं, आणि आतल्या खोलीतून सासूच ओरडली, “अगं, दूध लागलं! झोपलीस का उभ्या उभ्या?”

त्या दिवशी तिला दोन गोष्टी कळल्या. आपलं नाक गेलं आणि सासूचं शाबूत आहे.

साहेबांना सांगायची तिची छाती झाली नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरं काम कोण देणार? आणि खरं सांगायचं तर, नाकवाली म्हणूनच तिला चार लोक ओळखत होते. नाकाशिवाय ती कोण? सासूला सांगावं, तर ती म्हातारी काळजीने अर्धी व्हायची आणि शेजारणीच्या कानावरही घालायची. शेवटी तिने युक्ती काढली. अर्धं सँडविच बाकावर बसून डोळ्यांनी आणि बोटांनी तपासायचं, अर्धं कागदात गुंडाळून घरी न्यायचं, सासूला खाऊ घालायचं, आणि मग साहेबांना फोन करायचा.

सासूला दात नव्हते. मऊ पाव तिला आवडला.

“कसं आहे, आई?”

“छान आहे गं.”

“वास बरा येतोय ना?”

“हो की. तू खाल्लंस का पण?”

“माझं अर्धं मी खाल्लं. तुम्ही खरं सांगा हं.”

“खोटं कशाला सांगू या वयात?”

असे महिने गेले. कारखान्याचा माल चांगला होता म्हणून सगळं निभावलं, सासूमुळे नव्हे. एवढी वर्षं जिच्याबरोबर जेवली तिचा स्वभाव सुनेला ठाऊक नव्हता, असं कसं म्हणावं? पण गरजवंताला अक्कल नसते. तिला ‘छान’ हवं होतं आणि रोज ते मिळत होतं.

उन्हाळ्यात एक दिवस तिने दवाखान्याजवळच्या दुकानातून अंड्याचं सँडविच घेतलं. डब्याच्या आतल्या बाजूला थेंब होते. अंड्याच्या सारणाला पाणी सुटून पावाची खालची कड पिवळसर झाली होती. डोळ्यांना ते पटेना. पूर्वी असा संशय आला की निकाल नाकाचा. आता ती डबा नाकाशी धरून नुसतीच बसून राहिली. एक लहान घास खाल्ला. जिभेवर कापूस ठेवल्यासारखं झालं. बाकीचं टाकलं आणि दुसरा अर्धा भाग गुंडाळून ती घाईने घरी निघाली.

सासूने घास तोंडाजवळ नेला आणि क्षणभर थांबली. ते थांबणं सुनेने पाहिलं.

“काय झालं? वास येतोय का?”

“नाही गं. छान आहे.” आणि सासूने ते शेवटच्या कणापर्यंत खाल्लं. ताटातलं टाकायची तिला सवयच नव्हती.

सुनेने फोन लावला. “ठीक आहे, साहेब.”

दिवे लागायच्या सुमारास सासूच्या पोटात मुरडा आला. उलट्या थांबेनात. शेजारीण धावत आली, दोघींनी मिळून म्हातारीला रिक्षात घातलं. दवाखान्यात सलाईन लागलं तेव्हा तिचे हात बर्फासारखे गार पडले होते. जरा डोळे उघडल्यावर ती हळूच म्हणाली, “वास होता गं त्याला थोडा.”

“मग बोलला का नाहीत, आई? मी विचारलं होतं ना!”

“तू आपल्या तोंडचा अर्धा घास काढून आणतेस. त्याला नावं ठेवू?” मग तिने विचारलं, “तुला नाही आला वास?”

“मला येतच नाही. थंडीतल्या तापापासून. म्हणून तर तुम्हाला विचारत होते.”

“सांगायचंस ना, बाळा,” सासू म्हणाली. “मला वाटलं, कौतुकाला विचारतेस.”

सून बाहेरच्या व्हरांड्यात गेली. संध्याकाळची गाडी निघून गेलेली असणार. भिंतीला टेकून तिने साहेबांना फोन लावला.

“आजचं अंडं परत मागवा, साहेब. सगळीकडून. आत्ताच्या आत्ता.”

“अहो, दुपारी तुम्हीच ठीक म्हणालात.”

“मला वास येत नाही.”

“म्हणजे? आज?”

“थंडीपासून.”

पलीकडे साहेबांनी कुणाला तरी ओरडून माल परत मागवायला सांगितलं. मग तिला फक्त म्हणाले, “उद्या येऊ नका.”

बरेचसे डबे परत आले. काही आले नाहीत. ते कुणी खाल्ले, त्यांचं काय झालं, हे तिला कधीच कळलं नाही. त्यांच्यासाठी ती रोज देवाजवळ हात जोडते. काय मागायचं ते तिला सुचत नाही, नुसतीच हात जोडून बसते.

सासू त्यातून उठली नाही. वय झालं होतं, अंगातलं सगळं पाणी गेलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी, सून तिचे पाय चोळत असतानाच ती गेली. डॉक्टरांनी विचारलं, काय खाण्यात आलं होतं? सुनेने सांगितलं. कुणी आणलं होतं, तेही सांगितलं.

सगळं आटोपल्यावर घरात ती एकटीच उरली. चूल पेटवायचं तिच्या मनात आलं नाही. शेजारणीने ताट आणलं, समोर बसून वाढलं. चार घास झाले तेव्हा शेजारीण संकोचून म्हणाली, “मीठमसाला बरोबर आहे ना? तुमच्यासारख्यांना वाढायचं म्हणजे भीती वाटते हो.”

ती खात राहिली.

शेजारणीला राहवलं नाही. तिने भांड्याच्या कडेची भाजी बोटाने चाखली आणि तोंड वाकडं केलं. “अगं बाई! मीठ दोनदा पडलंय की! टाका ते, टाका. कशा खाताय तुम्ही?”

तिने ताट थोडं स्वतःकडे ओढलं आणि पुढचा घास घेतला.