ओट्याकडचा गोल

चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती, दोन वन्संच्या. मोठ्या चादरी आम्ही अशाच दोघी मिळून घडी घालतो. एकीने पुढे यायचं, टोकाला टोक लावायचं, मागे सरायचं. वन्सं पुढे आल्या आणि टोकं माझ्या हातात द्यायची सोडून तशाच उभ्या राहिल्या.

"परवा सकाळी मोकळी आहेस का गं?"

"प्रार्थना आटोपली की मोकळीच. का?"

"स्टेडियम बघून येऊ. मॅच नसते तेव्हा आतून फिरवून दाखवतात म्हणे. बाबांची खुर्ची एकदा डोळ्यांनी बघते आणि कार्ड परत करून टाकते."

एवढं बोलून त्यांनी टोकं सोडली आणि जिना उतरून दुकानात गेल्या. अर्धी चादर माझ्या हातात, अर्धी जमिनीवर.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची मोठी बहीण. घराच्या खालीच त्यांचं दुकान आहे. सोफ्याची कव्हरं, गाड्यांच्या सीटा, दवाखान्यातल्या बाकांच्या गाद्या, जे म्हणाल ते शिवून आणि भरून देतात. गळ्यात कायम मोजायचा टेप, आणि ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय. त्यामुळे नवं गिऱ्हाईक त्यांना तुसडं समजतं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "मला कुठली फुरसत? जगाच्या बुडाखालची सोय बघता बघता माझं बसायचं राहून गेलं."

मामंजी लिफ्टचे मिस्त्री होते. जन्मभर अंधाऱ्या खोबणीत तेल घालत वरखाली केलं. उजेडात मन रमायचं ते एकाच जागी, हिरव्यांच्या मॅचला. हिरवे म्हणजे आमच्या गावची फुटबॉलची टीम. गावात मॅच असली की मामंजी घरात सापडायचे नाहीत. लेकाला लहानपणी एकदा नेलं, तर तो त्यांच्या मांडीवर झोपून गेला. ते यजमान अजूनही नाकारतात. वन्संना मात्र कधी जायला मिळालं नाही. सुट्टीच्या दिवशीच दुकानात गर्दी, आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावायला दुसरं कोण होतं?

"तू कशाला येतेस? मी मॅचच घरी घेऊन येतो," मामंजी म्हणायचे.

आणि खरंच आणायचे. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वन्सं मांडामांड करून ठेवायच्या. हिरवे वाटाणे आपले, पांढरे समोरच्यांचे. दोन मीठदाण्या म्हणजे दोन गोलकीपर. मिरीचा दाणा म्हणजे बॉल. एक गोल ओट्याकडचा, एक दाराकडचा. मामंजी खिडकीला पाठ करून बसायचे आणि पहिल्या शिट्टीपासून सुरू व्हायचे. वन्सं विचारायच्या, "पाय डावा की उजवा?" ते सांगतील तसा वाटाणा सरकायचा. भाजी गॅसवर करपली तरी दोघांना पत्ता नसायचा. ओरडा मला बसायचा.

एक गोष्ट मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते. बॉल दाराकडे असला की मामंजींचे डोळे बशीएवढे व्हायचे. पण तोच ओट्याकडे निघाला की ते डोळे मिटून घ्यायचे, मान तिरकी करायचे आणि हळू आवाजात सांगायचे, "हं... घेतला... वळला... गेला, गेला, गोल!" मग डोळे उघडायचे. मला वाटायचं, अशा वेळी ते देवाचं नाव घेत असतील. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्याने फार वाढला होता.

गेल्या हिवाळ्यात मामंजी गेले. वाटाण्यांची बरणी वरच्या फळीवर गेली. मॅचच्या दिवशी समोरच्या दुकानातल्या टीव्हीवर आरडाओरडा झाला की खालून शिलाई मशीन जोरात चालल्याचं ऐकू यायचं. वन्सं कान झाकायच्या ऐवजी पाय चालवायच्या.

मागे राहिलं ते मामंजींचं कार्ड. त्यांची खुर्ची वर्षानुवर्षं त्यांच्या नावावर होती. क्लबने सांगितलं, या हंगामापर्यंत घरच्यांसाठी राखू. कुणी बसणार नसेल तर कार्ड परत द्या, रांगेत खूप लोक आहेत. यजमान म्हणाले, "ताई, देऊन टाक. टीव्हीवर त्याहून छान दिसतं." मी मात्र मनातून धसकले होते. कार्ड गेलं की ती बरणी पुन्हा खाली यायची नाही आणि मामंजींचं बोलणं या घरातून कायमचं उठेल, अशी काहीशी भीती होती. देवाच्या कानावर घातलं आणि वन्संबरोबर निघाले.

फिरवून दाखवणारी मुलगी गळ्यात हिरवा मफलर घालून दारात उभी होती. आमच्याखेरीज आणखी सात-आठ जण होते. तिने आधी खेळाडूंची कपडे बदलायची खोली दाखवली. सगळे भिंतीवरचे शर्ट बघत होते, वन्सं बाकाची गादी दाबून बघत होत्या.

"स्पंज पार बसलाय," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "शिवणही उसवलीय. यावर बसून हरतील नाही तर काय करतील!"

पुढे एका बोळातून आम्ही उजेडात आलो, आणि समोर एकदम एवढं हिरवं मैदान. वन्सं बोळाच्या तोंडाशीच थांबल्या. जन्मभर त्यांनी ते टेबलाएवढंच पाहिलेलं. मग त्यांनी त्या मुलीला अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "यातला ओट्याकडचा गोल कोणता?"

सगळे वळून बघायला लागले.

"कशाकडचा, मावशी?"

"ओट्याकडचा. एक ओट्याकडचा, एक दाराकडचा."

मी त्यांना चिमटा काढला. त्यांच्याही लक्षात आलं आणि त्या कानापर्यंत लाल झाल्या. ती मुलगी गुणी, हसली नाही. म्हणाली, "आम्ही एकाला शहराकडचा म्हणतो, एकाला रेल्वेकडचा. तुमचा ओटा कुठे येतो ते बघू या."

मग मीच हिशेब लावला. मामंजी खिडकीला पाठ करून बसायचे, ओटा डाव्या हाताला. त्यांच्या स्टँडमधून मैदानाकडे तोंड केलं की डावीकडे रेल्वे. म्हणजे रेल्वेकडचा तोच आमचा ओटा.

कार्डावरचा नंबर बघून आम्ही खुर्ची शोधली. वन्संनी आधी ती पदराने पुसली, मग बसल्या. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. पुढे वाकल्या, मागे रेलल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "ओटा दिसतच नाहीये."

खुर्चीच्या डाव्या अंगाला, अगदी पुढ्यात, छपराचा जाडजूड लोखंडी खांब. हाताच्या उंचीवर त्याचा रंग उडालेला. मान कितीही ताणली तरी रेल्वेकडचा गोल त्याच्याआड.

वन्संचा चेहरा उतरला. "म्हणजे इतकी वर्षं बाबांना ओट्याकडचं काही दिसतच नव्हतं? मी विचारायची, डावा की उजवा. लगेच सांगायचे. मनाचंच सांगत होते की काय?"

त्यांनी पर्समधून कार्ड काढलं आणि त्या मुलीपुढे धरलं. "घे बाई. हे कुठे द्यायचं ते सांग."

मुलीने कार्डावर नजर टाकली आणि विचारलं, "तुम्ही लिफ्टवाल्या काकांच्या कोण?"

"मुलगी."

"मॅचच्या दिवशी मी याच स्टँडच्या दारावर असते. काका बरे आहेत ना? घड्याळवाले दर वेळी विचारतात."

घड्याळवाल्यांचं नाव आमच्या घरात नवं नव्हतं. शेजारी कुणी घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ बसतात, एवढं मामंजी सांगायचे. पण ते कुठे राहतात, काय, कुणाला ठाऊक? मामंजी गेल्याचं मी त्या मुलीला सांगितलं. ती खांबापलीकडच्या खुर्चीवर टेकली.

"ही घड्याळवाल्यांची जागा," ती म्हणाली. "इथून रेल्वेकडचं सगळं दिसतं, शहराकडचा गोल खांबाआड जातो. काकांचं बरोब्बर उलटं. बॉल रेल्वेकडे असला की घड्याळवाले सांगायचे, शहराकडे गेला की काका. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, दोघं भांडतायत. सोडवायला गेले, तर दोघांनी मलाच झापलं."

वन्सं एकटक तिच्याकडे बघत होत्या.

"छपराचं काम निघालं तेव्हा क्लबने दोघांना चांगल्या जागा देऊ केल्या होत्या. काका म्हणाले, एकट्यालाच सगळं दिसायला लागलं तर बोलायचं काय?"

"आणि आता?"

"आता घड्याळवाले अर्धी मॅच बघून घरी जातात. परवा मागच्या एकाला विचारत होते, कोणी मारला म्हणून. तो म्हणाला, काका, मोबाइलवर बघा ना! घड्याळवाल्यांना वाटतंय, लिफ्टवाल्यांचे गुडघे दुखत असतील. बरं वाटलं की येतील."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "वन्सं, म्हणून मामंजी डोळे मिटायचे! जसं कानाने ऐकलं तसंच तुम्हाला सांगायचे. आणि मी आपली समजत होते, देवाचं नाव घेतात!"

"घेतही असतील," वन्सं म्हणाल्या. "पेनल्टीला सगळेच घेतात."

आणि हसल्या. कितीतरी महिन्यांनी. हसता हसता डोळे पुसले, उठल्या, खांबाला वळसा घालून घड्याळवाल्यांच्या खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू बाबांच्या जागी बस. हां. आता सांग, दाराकडे काय चाललंय?"

"काय चालणार? एक माणूस गवतावर पाणी मारतोय."

"पाइप कोणत्या हातात?"

"डाव्या. आता उजव्यात घेतला. अगंबाई, पाय अडकला त्याचा! नाही, सावरला."

"बघ," वन्सं खांबापलीकडून म्हणाल्या, "जमतं की."

मग त्यांनी गळ्यातला टेप काढला. मामंजींची खुर्ची मोजली, लांबी, रुंदी, पाठ. नंतर खांबाला वळसा घालून घड्याळवाल्यांचीही मोजली. "नुसतं प्लास्टिक आहे. म्हाताऱ्या माणसाने दोन-दोन तास यावर बसायचं म्हणजे काय!"

मुलीने भीतभीत विचारलं, "मावशी, ते कार्ड द्यायचं होतं ना?"

"कुणाला?" वन्संनी कार्ड पर्समध्ये टाकून चेन ओढली. "पुढची मॅच कधी आहे?"

"शनिवारी."

"वन्सं, शनिवारी दुकानात गर्दी असते," मी म्हटलं.

"असू दे. गिऱ्हाइकं राहतील एक दिवस उभी."

संध्याकाळी बरणी खाली आली. यजमान कामावरून आले तेव्हा वन्सं मामंजींच्या जागी बसून स्वतःशीच बडबडत वाटाणे सरकवत होत्या.

"ताई, काय गं हे?"

"सराव. घड्याळवाल्यांना दाराकडचं नीट सांगता यायला नको? सरक तिकडे, माझ्या गोलमध्ये उभा आहेस."

यजमान निमूट सरकले. जरा वेळाने खुर्ची ओढून तेही बसले. वन्संनी मधेच हात थांबवून मला विचारलं, "अगं, बाबांचं त्यांना कसं सांगू? मॅचच्या आधी की नंतर?"

मी पोळपाट पुसत विचार केला. "आधीच सांगा. नाहीतर ते मॅचभर तुमच्याआडून मामंजींची वाट बघत राहतील."

"हं," वन्सं म्हणाल्या. "आधीच सांगते. मग मॅच सांगते."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर ती चादर परवापासून तशीच पडली होती. मी एक बाजू धरली, यजमानांनी दुसरी. त्यांना घडी घालता येत नाही. पण वन्सं गुंतल्या होत्या, त्यांना उठवावंसं वाटलं नाही.

उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी वन्संना फोम आणायला जायचं आहे, दोन खुर्च्यांच्या गाद्यांपुरता.