भट्टीला जोडी लागते

धसईहून डोंगराकडे जाणारी पायवाट जिथे संपते तिथे गंगीचा पाडा. दहा-बारा घरं, आणि शिकलेला मोठा माणूस औषधालाही नाही. साक्षरतेचं वारं आलं तेव्हा मी, धसईच्या बौद्धवाडीतली रत्नप्रभा, बारावी होऊन घरात बसले होते. सरकारी माणसांनी मला पाट्या, खडू आणि एक कंदील देऊन त्या पाड्यावर धाडलं. पहिले काही दिवस सगळा पाडा यायचा, कंदील बघायला. मग उरली एकटी गंगी.

तिला अक्षरांचं कौतुक वगैरे काही नव्हतं. तिला अंगणवाडीतलं काम हवं होतं. पाड्याला अंगणवाडी मिळणार, मदतनीस पाड्यातलीच घेणार, चौथी पास असली की झालं, असं एक साहेब सांगून गेले होते. मदतनीस झालं की वीटभट्टीवर जायला नको. आपण घरी राहिलो की लेकीची, दिपिकाची, शाळा तुटणार नाही. म्हातारी सासू आज आहे, उद्या नाही. पोरीला सांभाळणार कोण? एवढ्यासाठी ती पाटी घेऊन बसायची.

आता भट्टीचं सांगते. दिवाळी झाली की धसईला ट्रक येतो आणि पाडेच्या पाडे भरून भिवंडीकडे नेतो. तिथे शेठ माणूस घेत नाही, जोडी घेतो. पुरुषाने चिखल मळायचा, विटा थापायच्या. बाईने चिखल वाहायचा, विटा वाळत लावायच्या. जोडीला एक काम, राहायला एक खोप, म्हणजे गवताची झोपडी. एकट्या पुरुषाला तिथे कुणी उभं करत नाही. म्हणून नवरा बुधू निघाला की गंगीला निघावंच लागे. पावसाळ्यात शिकलेलं सगळं ती भट्टीवर सांडून यायची.

"बाई, सगला इसरले," दर पावसाळ्याच्या तोंडाला ती सांगायची. ओल्या विटेवर बोटाने अक्षर काढून बघत होते, तर मुकादमाने शिव्या घालून वीटच मोडली, असं एकदा हसत हसत सांगितलं तिने. मला हसू आलं नाही. माझं डोकं असं तापायचं! पुन्हा 'ग' पासून सुरुवात करायची.

अशी किती वर्षं गेली. अभियान संपलं, भाषणं झाली, हार झाले, कंदील परत नेला. तरी बाजाराच्या दिवशी गंगी माझ्या ओट्यावर येऊन बसायची, भाजीची टोपली बाजूला ठेवून. आणि एका वर्षी अंगणवाडी खरोखरच मंजूर झाली. शाळेच्या हेडमास्तरांनी चौथीच्या परीक्षेला तिला बसू द्यायचं कबूल केलं. परीक्षा होती एप्रिलमध्ये, ऐन भट्टीच्या दिवसांत.

"यंदा मी येत नाय," तिने बुधूला सांगितलं.

बुधू काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "तू नाय आलीस तर मना कोन उभा करल?"

"लहानीला ने."

लहानी तिची जाऊ, बुधूच्या वारलेल्या भावाची बायको. ती ऐकूनच उठली. "एका खोपीत ऱ्हावा लागंल, गो. परत आल्याव पाडा मना काय म्हनल?" तिचंही खरं होतं. एका खोपीत राहिलेल्या जोडीला लोक नवरा-बायकोच म्हणतात.

 मग बुधू म्हणाला, "दिपी येल."

दिपिका सातवीत होती. बापासोबत लेक, कुणी बोट दाखवणार नाही.  मी गंगीला साफ सांगितलं, पोरीला पाठवू नकोस. ती म्हणाली, "मंग मी कवा शिकू, बाई? याच सालाला. फुडच्या साली मी कामाला, दिपी शालेत." दिवाळी झाली, ट्रक आला आणि बुधूसोबत दिपिका चढली.

परीक्षेला गंगी लहान पोरांच्या रांगेत गुडघे मुडपून बसली आणि पास झाली. पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आली माझ्याकडे. तिच्या तोंडावरून आनंद नुसता ओसंडत होता. आम्ही दोघी एसटीने तालुक्याच्या कार्यालयात गेलो.

"आता सातवी लागते," तिथल्या बाई म्हणाल्या. "चौथीचं केव्हाच बंद झालं. तुमच्या पाड्यात सातवी शिकलेलं कुणी नाही का?"

"माजी पोर व्हती सातवीत," गंगी म्हणाली. "भट्टीव हाय."

 ते काम खालच्या गावातल्या एका बाईला मिळालं.  परतीच्या एसटीत मला त्या कार्यालयाची एकेक खुर्ची उचलून रस्त्यावर फेकावीशी वाटत होती.

पावसाआधी दिपिका परत आली. हातांची सालपटं निघालेली, आणि मागोमाग तिला मागणी घालायला शामची आई. भट्टीवर तिची खोप शेजारीच होती. तिचा शाम वयात आला होता, पण बायको नाही म्हणून त्याला उभं करत नव्हते. अख्खा हंगाम बापासोबत जोडीने राबलेली पोर तिने डोळ्यांनी पाहिली होती. "दिवालीच्या आदी उरकून टाकू," ती म्हणाली.

गंगी भांडली, रडली, पोरीचं दप्तर काढून तिच्यापुढे आणून ठेवलं. दिपिकाने पुस्तक उघडलं, थोडा वेळ बघितलं आणि मिटलं. "आये, मना आता यातला काय पन येत नाय."

बुधूने होकार दिला.

दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा मी धसईच्या नाक्यावर उभी होते. त्यात दोन जोड्या चढल्या. बुधू आणि गंगी, शाम आणि दिपिका. दिपिकाच्या हातात हिरव्या बांगड्या, कडेला भांड्यांचं बोचकं. मी फळीपाशी गेले. काय बोलावं सुचेना म्हणून म्हटलं, "गंगीताई, वाचायचं सोडू नकोस."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती लेकीकडे बघत होती.

"मी इसरायची तवा मना वाईट नाय वाटायचा, बाई," ती म्हणाली. "काय इसरले ता ठावंच नसायचा. आता दिपीचा काय गेला, ता मना सगला वाचता येतंय."