मांजरांचं कुरण

आमच्या अंगणाला गावात मांजरांचं कुरण म्हणतात. हसत म्हणतात, आणि आता मीही हसते. पूर्वी मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. सत्तरी उलटल्यावर चिडायलाही जीव लागतो. मांजर कधी चरतं का हो, असं गल्लीतल्या नव्या सुना विचारतात. त्यांना सांगायचं म्हणजे आत्याबाईंपासून सांगावं लागतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि त्या काळी माझं त्यांच्याशी फारसं जमत नव्हतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. गावात कापसातली सरकी काढायची जीन होती, आणि आमच्या घरचे, म्हणजे माझे मालक, तिथं काट्यावर कापूस मोजायला होते. पौषाची थंडी. धनज गावाकडून आलेली एक बैलबंडी खाली करताना कापसातून तीन पिल्लं निघाली. डोळे मिटलेली, उंदराएवढी. आपोआप आली असतील असं म्हणाल, तर मुळीच नाही. आमच्याकडे मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते, असं मानतात. त्यामुळे मारत कोणी नाही, आणि पोसतही कोणी नाही. दुसऱ्याच्या बंडीत टाकून द्यायची, की आपलं पाप गेलं पुढच्या गावाला! वा रे शहाणे!

तो कापूस दुसऱ्या दिवशी रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, जायचा होता. आमच्या घरच्यांनी पिल्लं टोपीत घातली, घरी आणली आणि टोपी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "हे पाय, काय करायचं ते कर." एवढं बोलून हातपाय धुवायला गेले. पुरुषांची दया अशीच, आणून ठेवण्यापुरती.

मला सातवा लागला होता. कामरगावला माहेर होतं, पण आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच होणार होतं. आत्याबाईंनी टोपीत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अवं माय! एक पोटात अन् तीन टोपीत. तुले लेकरू व्हायचं हाय का मांजर?"

मी उठले. शेजारणीच्या शेळीचं दूध मागून आणलं, कोमट पाणी घातलं. पण पाजायचं कसं? तोंडात बोट घातलं तर ती बोटच चोखायची. मग देवापुढच्या वातींतली एक वात घेतली, दुधात बुडवली आणि तोंडाला लावली. काय गं बाई चोखली! तासा-दोन तासांनी एकेकाला वात. पाजून झालं की ओल्या फडक्यानं पोट पुसायचं, त्यांची आई चाटते तसं, नाहीतर त्यांना मुतायचंही कळत नाही. टोपलीत खाली सरकी, वर लुगड्याचा तुकडा, आणि चुलीजवळ तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून. दोन करडी होती. तिसरं पिवळसर, सगळ्यात लहान, आणि दूध पिताना पुढचे पाय माझ्या बोटाभोवती घट्ट धरायचं. माझा जीव त्याच्यावरच जास्त होता.

आत्याबाईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. "हे मरतुकडं घरात मेलं, तं सोन्याची मांजर तुहा बाप देईन का? अन् बाळंतिणीच्या खोलीत मांजर पायजेच कायले?" रोज हेच. त्यांचंही खरं होतं, भ्यायल्या होत्या त्या. पण मी तेव्हा एकोणीस वर्षांची, मला कोणाचं खरं ऐकायचं नव्हतं.

नवव्या दिवशी मी विहिरीवर गेले आणि येऊन पाहते तर टोपली नाही.

"पांजरपोळीत नेऊन देली," आत्याबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या. "तिथं गायी हाय, शेळ्या हाय, दूधच दूध हाय. पुन्य लागलं."

पांजरपोळ आमच्या गावच्या जैन शेठ लोकांनी चालवली होती. म्हातारे बैल, भाकड गायी, लंगड्या शेळ्या, पंख तुटलेली पाखरं, सगळ्यांना तिथं मरेपर्यंत चारा होता. वाईट जागा नव्हती, म्हणून मी मनाला समजावलं. तो दिवस आत्याबाईंशी अबोला धरून काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र राहवेना. वाती कमरेला खोचल्या आणि निघाले.

पांजरपोळीचा सगळा कारभार एका म्हाताऱ्या मुनीमजींकडे होता. बारीक अंगाचा, पांढरी पगडी, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघत चालणारा माणूस. ते मला शेळ्यांच्या गोठ्यात घेऊन गेले. पिल्लांपुढे पसरट थाळीत थंडगार दूध ठेवलं होतं. ज्यांना चाटता येत नाही त्यांना थाळी! दोन करडी त्या दुधात भिजून कुडकुडत होती. पिवळं दिसेना.

"ते सकाळी गेलं, बाई," मुनीमजी म्हणाले. "तेवढंच आयुष्य होतं त्याचं."

आयुष्य कसलं तेवढंच? एक वात मिळाली असती तर जगलं असतं ते! मी तिथंच बसले, शेळ्या राखणाऱ्या गड्याकडून धारोष्ण दूध घेतलं आणि दोघांना पाजलं. पदरानं कोरडी केली, छातीशी धरून ऊब दिली. मग पदरात घेऊन उठले आणि म्हटलं, येते मी.

मुनीमजी आडवे आले. "पिल्लं ठेवा, बाई. आत आलेला जीव बाहेर जात नाही. पंचांचा नियम हाय."

नियमाचं कारणही त्यांनी सांगितलं. एका शेतकऱ्यानं म्हातारा बैल सोडला, महिन्याभरानं रडत रडत परत मागितला, आणि शेलूबाजारच्या बाजारात कसायाला विकला. तेव्हापासून एकदा आत आला तो आत. बैलासाठी नियम सोन्यासारखा, मी नाही म्हणत नाही. पण दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला!

"माह्या मांजरीले कोन कसाई घेईन, मुनीमजी?"

"नियमात मांजर-बैल असं येगळं नाही, बाई."

"मंग मले इथं बसून पाजू द्या. दिवसातून आठ येळा येईन."

"दिवस बुडला का फाटक बंद होते. रातच्याले कोनीच येत नाही."

"रातच्याले त्यायले भूक लागत नाही का?"

शेवटी मी आत्याबाईंचंच हत्यार काढलं. "मेले तं सोन्याची मांजर करा लागते, मालूम हाय ना?"

"ते तुमच्यात, बाई," मुनीमजी शांतपणे म्हणाले. "आमच्यात जीव मेला का सोन्यानं भरून निघत नाही."

मी पिल्लं त्यांच्या हातात दिली, बाहेर आले आणि फाटकाच्या दगडावर बसले. म्हटलं, पिल्लं मिळेपर्यंत उठत नाही, आणि पाणीही पीत नाही. रडूही येत होतं आणि रागही. पोटातलं बाळ लाथा मारत होतं, त्यालाही राग आला असेल.

मुनीमजी दोनदा पाण्याचा तांब्या घेऊन आले. मी तोंड फिरवलं. सूर्य कलायला लागला तशी त्यांची चलबिचल सुरू झाली. ते दिवस बुडायच्या आत जेवणारे. सूर्य गेला की सकाळपर्यंत अन्न नाही की पाण्याचा थेंब नाही. घरून डबा आला होता. पण फाटकावर सात महिन्यांची पोटुशी बाई उपाशी बसलेली, आणि आपण घास कसा उचलायचा? डबा उघडायचे, माझ्याकडे बघायचे, परत झाकायचे. तासाभरात त्यांनी तो डबा चार वेळा तरी उघडला असेल.

तेवढ्यात कोणी सांगितलं म्हणून आत्याबाई धावत आल्या. मला दगडावर बघून आधी शिव्या दिल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. मग मी म्हटलं, "पिवळं मेलं, आत्याबाई." आणि हुंदकाच फुटला. त्या मटकन माझ्याशेजारी बसल्या. मग माझं डोकं ओढून खांद्यावर घेतलं. सोन्याच्या मांजरीचं नावही नाही काढलं.

चरायला गेलेल्या गायी त्याच वेळी परत आल्या. मुनीमजी डबा ठेवून फाटकात उभे राहिले आणि एकेक गाय मोजून आत घेऊ लागले. आत्याबाई बघत होत्या. शेवटची गाय आत गेली आणि त्या ताडकन उठल्या.

"काय हो मुनीमजी, आत आलेला जीव बाहेर जात नाही म्हनता, अन् ह्या गायी कुठून येऊन राह्यल्या?"

"चरून येऊन राह्यल्या, माय. सकाळी सोडतो, दिवस बुडायच्या आत मोजून घेतो."

"मंग आमचे पिल्लं बी चराले सोडा."

"मांजर कुठं चरते?"

"आमच्या घरी चरते! त्यायचं कुरन आमच्या चुलीपाशी हाय. रोज दिवस बुडायच्या आत आनून दाखवीन, मोजून घ्या, अन् परत सोडा. शब्द हाय माहा."

मुनीमजींनी आकाशाकडे पाहिलं. सूर्य लिंबाच्या शेंड्याला टेकला होता. मग डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत जाऊन दोन्ही पिल्लं घेऊन आले आणि आत्याबाईंच्या ओंजळीत ठेवली. "नियम मोडला नाही बरं का मी," म्हणाले, आणि तिथंच उभ्या उभ्या डबा उघडला. एक पोळी मला दिली. मी ती रडत रडत खाल्ली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आत्याबाई टोपली घेऊन पांजरपोळीत निघायच्या. लोक दारात उभे राहून विचारायचे, "काय काकू, मांजरं चरून आले का?" त्याही कमी नव्हत्या. "हो बापा, तुह्या सासऱ्याच्या वावरात!" म्हणायच्या. मुनीमजी गायी मोजून झाल्या की टोपलीत बघायचे आणि "दोन" म्हणायचे. म्हटल्यावर दर वेळी जरा थांबायचे, अजून एक मोजायचं राहिल्यासारखे. पिल्लं पांजरपोळीची, म्हणून तिथल्या शेळ्यांचं तांब्याभर दूध रोज टोपलीसोबत यायचं, तोही नियमच. एकदा तांब्या देताना ते आत्याबाईंना म्हणाले, "वात पाजाचं मले कोनी सांगतलं नव्हतं, माय. एक गेलं माह्या हातानं." आत्याबाईंनी घरी येऊन मला हे सांगितलं, तेव्हा माझा मुनीमजींवरचा राग गेला.

फाल्गुनाच्या शेवटी मला मुलगी झाली. पोरगी अशक्त होती, धड प्यायची नाही. पहिले आठ दिवस आत्याबाईंनी तिला माझं दूध कापसाच्या वातीनं पाजलं. कुठं शिकलात, असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

मांजरं तोवर चांगली धष्टपुष्ट झाली होती. टोपलीत मावेनात, झाकण बांधावं लागे, आत्याबाईंचे हात ओरबाडून निघत. तरी शब्द म्हणजे शब्द. मग वैशाखात आत्याबाईंना ताप भरला आणि एका संध्याकाळी टोपली गेली नाही. सूर्य बराच खाली आला तशी अंगणात काठी वाजली. मुनीमजी स्वतः आले होते, मोजायला. जेवणही व्हायचं होतं त्यांचं.

मी त्यांना खोलीच्या दारापर्यंत नेलं. आत आत्याबाई खाटेवर पडल्या होत्या. त्यांच्या शेजारी गोधडीवर माझी पोर झोपली होती, आणि तिच्या दोन्ही अंगाला दोन करडी मांजरं. बाळंतिणीच्या खोलीत मांजर नको म्हणणारी बाई एका हातानं त्यांना थोपटत होती.

"हाय का बराबर?" आत्याबाईंनी विचारलं.

मुनीमजींनी बोट उचललं. "एक," म्हणाले. "दोन." नेहमीसारखे थांबले. मग बोट हळूच माझ्या पोरीकडे वळलं.

"तीन," म्हणाले. "आता बराबर हाय. उद्यापासून आनू नका."

मग पगडीच्या टोकानं डोळे पुसले, आणि सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हणून भराभर निघून गेले.